महागड्या ध्वनिकेबल्स आणि अंध श्रवणचाचणी

संगीत ऐकण्याच्या घरगुती यंत्रणेतील उपकरणे जोडणाऱ्या केबल्समुळे आवाजाच्या दर्जात कानाला जाणवेल असा फरक पडतो, असा दावा चार दशकांहून अधिक काळ केला जात आहे. तो पारखण्याची सर्वांत विश्वासार्ह रीत म्हणजे कोणती केबल जोडलेली आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता घेतलेली चाचणी होय. अ‍ॅम्प्लिफायरपासून लाउडस्पीकरपर्यंत जाणारी स्पीकर वायर, प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांना जोडणारी आरसीए केबल, विजेची पॉवर कॉर्ड आणि यूएसबी किंवा एचडीएमआयसारख्या डिजिटल केबल्स या सर्वांबाबत असे दावे आढळतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्पीकरला घरातल्या दिव्याचीच साधी वायर लावली जात असे. त्या सुमारास अमेरिकेत नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल या नावाने जाड स्पीकर वायर विकायला सुरुवात केली आणि केबल हा स्वतंत्र विक्रीचा माल झाला. आज ठाण्यात स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मोजून मिळणारी तांब्याची वायर आणि आकर्षक खोक्यात येणारी, लाखाच्या घरात किंमत असलेली स्पीकर केबल यांच्या किमतींत शेकडो पटींचे अंतर असू शकते.

विद्युत्‌दृष्ट्या केबलचे वर्तन तीन गोष्टींवर ठरते : रोध (रेझिस्टन्स), धारिता (कपॅसिटन्स) आणि प्रवर्तकता (इंडक्टन्स). स्पीकर वायरच्या बाबतीत यांपैकी रोध सर्वांत महत्त्वाचा असतो. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या, अनेक बारीक तारांच्या तांब्याच्या वायरचा रोध दर किलोमीटरला सुमारे ८ ओहम असतो. स्पीकर पाच मीटर अंतरावर असेल तर जाण्यायेण्याची मिळून दहा मीटर तार लागते आणि तिचा रोध ०.०८ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे आवाजाच्या पातळीत होणारी घट ०.१ डेसिबलपेक्षाही कमी असते. हीच वायर ०.५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे स्वस्त सेटबरोबर फुकट मिळते तशी बारीक असेल, तर मात्र रोध ०.४ ओहमच्या आसपास जातो. स्पीकरचा संरोध (इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) सर्व कंप्रतांना (फ्रिक्वेन्सींना) सारखा नसतो. तो एखाद्या कंप्रतेला ३ ओहम आणि दुसऱ्या कंप्रतेला २० ओहम असेल, तर या बारीक वायरमुळे त्या दोन ठिकाणच्या पातळ्यांत सुमारे ०.९ डेसिबलचा फरक पडतो आणि तो तयार कानाला ओळखू येऊ शकतो. म्हणजे वायरमुळे फरक पडतच नाही, असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरेल. फरक पडतो तो मुख्यतः जाडी आणि लांबी यांमुळे, आणि पुरेशी जाडी मिळवायला फारसे पैसे लागत नाहीत.

जाहिरातींत वारंवार येणारी इतर कारणे आकड्यांसमोर टिकत नाहीत. उच्च कंप्रतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो हे खरे आहे. परंतु २० किलोहर्ट्‌झला, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेच्या टोकाला, तांब्यात तो सुमारे ०.४६ मिलिमीटर खोलीपर्यंत वाहत असतो आणि २.५ चौरस मिलिमीटर वायरची त्रिज्याच ०.९ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तारेचा बहुतेक भाग तेव्हाही वापरला जातो. चांदीचा रोध तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. तांब्याची तार किंचित जाड घेतली की तोच परिणाम मिळतो.

आरसीए केबलमध्ये रोधापेक्षा धारितेला महत्त्व असते. तरीही आजच्या प्लेअरचा निर्गम (आउटपुट) संरोध काहीशे ओहम आणि केबलची धारिता दर मीटरला शंभरेक पिकोफॅरड धरली, तरी आवाज दबू लागण्याची सीमा दशलक्ष हर्ट्‌झच्या पलीकडे जाते. याला खरा अपवाद रेकॉर्ड प्लेअरचा आहे. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या भागावर) केबलच्या धारितेचा परिणाम होतो आणि वरच्या स्वरांचा तोल त्यामुळे प्रत्यक्ष बदलतो. अशा वेळी कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेली धारिता पाहून केबल निवडणे योग्य ठरते, मग ती स्वस्त असो वा महाग. व्यावसायिक ध्वनिव्यवस्थेत तर लांबी हाच मुख्य प्रश्न असतो. ठाण्याचे गडकरी रंगायतन किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह यांसारख्या सभागृहांत मायक्रोफोनचा क्षीण संकेत रंगमंचापासून मिक्सरपर्यंत बरेच अंतर कापतो. तेथे उपयोगी पडते ती संतुलित जोडणी. या जोडणीत दोन तारांवर सारखाच आलेला बाहेरचा गोंगाट शेवटी वजा होतो. केबलकडून अपेक्षा असते ती मजबूत कनेक्टरची आणि रोज गुंडाळून, पायाखाली येऊनही न तुटण्याची. श्रोता घरी जे ध्वनिमुद्रण ऐकतो तेसुद्धा स्टुडिओतील अशाच केबल्समधून आलेले असते.

इतके असूनही, केबल बदलल्यावर आवाज ‘मोकळा झाला’, ‘तंबोऱ्याची जवारी उलगडली’ असे प्रामाणिकपणे सांगणारे श्रोते पुष्कळ आहेत, आणि त्यांना खोटे ठरवणे अन्यायाचे आहे. काही वेळा फरक खरोखर पडलेला असतो, पण त्याचे श्रेय केबलच्या किमतीला जाते. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर, कोपरी-कळव्यापासून ऐरोली, वाशी, बेलापूरपर्यंत, हवा वर्षाचा बराच काळ दमट असते. स्पीकरच्या स्प्रिंगच्या चिमट्यात अडकवलेले उघड्या तांब्याचे टोक काही पावसाळ्यांत काळपट आणि पुढे हिरवट होते, त्यातली एकेक बारीक तार तुटते आणि उरलेल्या चार-सहा तारांवर जोडणी तग धरून राहते. नवी केबल लावताना हे टोक छाटले जाते, चिमटा घासला जातो आणि आवाज सुधारतो. जुनीच वायर दोन सेंटिमीटर कापून, सोलून पुन्हा लावली असती तरी हाच परिणाम मिळाला असता. दुसरे कारण लाल-काळ्या टोकांची अदलाबदल हे आहे. दोनपैकी एका स्पीकरची टोके उलटी लागली असतील तर दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, बेस विरून जातो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता विस्कटतो. केबल बदलताना ही चूक नकळत दुरुस्त झाली की फरक मोठा आणि खरा असतो.

उरलेला फरक ऐकण्याच्या प्रक्रियेतूनच निर्माण होतो. बारीकसारीक ध्वनिभेदांची स्मृती फार अल्पकाळ टिकते, त्यामुळे केबल बदलण्यात पाच मिनिटे गेली की तुलना प्रत्यक्षात ध्वनीशी न होता त्याच्या आठवणीशी होते. पातळी किंचित वाढली तरी आवाज ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दहा किलोहर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी अवघी साडेतीन सेंटिमीटर असल्याने खुर्चीत थोडे सरकून बसले तरी वरचे स्वर बदलतात. या सर्वांपेक्षा प्रभावी ठरते ती अपेक्षा. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये चाळीस श्रोत्यांना चार लाउडस्पीकर दिसतील असे आणि न दिसतील असे ऐकवले. स्पीकर दिसत असताना गुण बदललेच. त्याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे स्पीकरची जागा किंवा वाजणारे संगीत बदलल्याने होणाऱ्या खऱ्या फरकांकडेही श्रोत्यांचे कान कमी लक्ष देऊ लागले. डोळ्यांनी मिळालेली माहिती नसलेला फरक ऐकवते तशी असलेला फरक झाकूनही टाकते, हे या प्रयोगाने दाखवले.

अंध चाचणीची आज रूढ असलेली पद्धत बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडली. त्यात श्रोत्याला अ आणि ब हे दोन ध्वनी ऐकवून तिसरा ध्वनी या दोहोंपैकी कोणता, एवढेच विचारले जाते. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी घरगुती ध्वनियंत्रणेच्या तुलनेसाठी असे स्विचयंत्र वर्णिले की उत्तर कोणालाच आधी ठाऊक नसते. परीक्षकालाही उत्तर माहीत नसणे महत्त्वाचे आहे, कारण त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून किंवा हालचालीवरून ऐकणाऱ्याला सुगावा लागू शकतो. या पद्धतीत ऐकणाऱ्याच्या कानावर अविश्वास दाखवला जातो असा समज आहे, परंतु ती संपूर्ण निर्णय एकट्या कानावर सोपवते.

उत्तरांची संख्या येथे निर्णायक ठरते. सोळा वेळा ऐकवून बारा उत्तरे बरोबर आली, तर ती निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के असते आणि पाच टक्क्यांची मर्यादा मानणाऱ्यांच्या दृष्टीने हा निकाल विचारात घेण्याजोगा ठरतो. मात्र दहा मित्रांनी प्रत्येकी दहा उत्तरे दिली आणि सर्वांनी डोळे मिटून अंदाज केला, तरी त्यांपैकी निदान एकाची आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ४३ टक्क्यांच्या आसपास असते. मैफलीनंतर त्या एकाच्या ‘सोन्याच्या कानां’ची वाहवा होते आणि उरलेल्या नऊ जणांचे निकाल विसरले जातात. अशा वेळी त्याच श्रोत्याची नव्याने चाचणी घेणे हाच योग्य मार्ग आहे.

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील फ्लॅटमध्ये ही चाचणी फारसा खर्च न करता घेता येते. त्यासाठी तीन माणसे लागतात. एकाने आधीच नाणे उडवून केबल्सचा क्रम लिहून ठेवावा, केबल जोडावी आणि खोलीबाहेर जावे, क्रम ठाऊक नसलेल्या दुसऱ्याने उत्तरे टिपावीत, तिसऱ्याने ऐकावे. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची बाजू चादरीने झाकावी. क्रमात तीच केबल पुन्हा आली तरी ती काढून परत लावावी, म्हणजे लागणाऱ्या वेळावरून किंवा खुडबुडीवरून काही कळणार नाही. पातळी जुळवण्यासाठी काही शे हर्ट्‌झचा स्थिर स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे; २.०० आणि २.०२ व्होल्ट एवढा फरकही सुमारे ०.१ डेसिबलचा असतो आणि त्यापलीकडे जाऊ देऊ नये. छताचा पंखा बंद ठेवणे आवश्यक आहे, कारण त्याच्या घरघरीत बारीक तपशील बुडून जातात. मे महिन्यात खिडक्या लावून आणि पंखा थांबवून तासभर लक्ष देऊन ऐकणे कोणालाही कठीण असल्याने हिवाळ्यातील रात्र निवडावी. घोडबंदर रस्ता किंवा ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या इमारतींत तर अवजड वाहनांमधली शांतता गाठूनच ऐकावे लागते. ऐकण्यासाठी श्रोत्याच्या कानात बसलेले ध्वनिमुद्रण घ्यावे. तंबोऱ्याची आस आणि तबल्याच्या चाटेचा ठणठणीत नाद यांत वरच्या स्वरांतील बदल लवकर पकडता येतो.

अंध चाचणीवर घेतले जाणारे सर्वच आक्षेप फोल नाहीत. परीक्षेच्या ताणामुळे सूक्ष्म भेद निसटू शकतात, आणि फरक ओळखता न येणे म्हणजे फरक नाही याचा पुरावा नव्हे. त्यावरून फक्त ‘या श्रोत्यांना, या यंत्रणेवर, एवढ्या प्रयत्नांत तो ओळखता आला नाही’ एवढेच म्हणता येते. ताणाच्या आक्षेपाला उपाय आहे : झाकलेली केबल आठवडाभर घरी ठेवून, हवे तेव्हा ऐकून उत्तर द्यावे. प्रयत्नांची संख्या वाढवली की चाचणी पुष्कळ सूक्ष्म भेद पकडू शकते, हे केबलच्या शेजारच्या एका वादातून दिसून आले. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवले असता ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ नेमकी निम्मी. पुढे २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अठरा अभ्यासांतील साडेबारा हजारांहून अधिक उत्तरे एकत्र केली, तेव्हा प्रमाण ५२.३ टक्के आले आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ते साठ टक्क्यांवर गेले. जो परिणाम अत्यल्प पण खरा असू शकतो तो अंध पद्धतीतूनच समोर आला. केबलबाबतच्या दाव्यांना हीच संधी खुली आहे. २००७ मध्ये चमत्कारांचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलर किमतीची स्पीकर केबलची जोडी ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले होते. अटींवरील बोलणी फिसकटली आणि चाचणी झालीच नाही, त्यामुळे त्यातून कोणत्याच बाजूने निष्कर्ष काढता येत नाही.

खोलीचा परिणाम पाहिला की केबलच्या वादाचे प्रमाण लक्षात येते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्‌झच्या आसपास भिंतींमधील तरंग स्थिरावतात, आणि तेथे एका जागी बेस घुमतो तर दोन पावलांवर नाहीसा होतो. हे चढउतार सहज दहा डेसिबलच्या वर जातात, तर जाड स्पीकर वायरचा परिणाम ०.१ डेसिबलच्या आत असतो. नव्या संकुलांतील घरांत गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती आणि सरकत्या काचा असतात, त्यामुळे वरच्या स्वरांचाही प्रतिध्वनी कर्कश होतो. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढणे, समोर सतरंजी अंथरणे, जाड पडदे लावणे आणि मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेले कपाट ठेवणे या उपायांनी जो फरक पडतो तो ओळखायला अंध चाचणीची गरज लागत नाही. ज्याला संगीताची खरी ओढ आहे त्याने आपले मर्यादित पैसे आधी येथे आणि चांगल्या स्पीकरवर घालावेत, असे ठामपणे म्हणता येते.

पॉवर कॉर्डविषयीचे दावे सर्वांत कमकुवत आहेत. महावितरणच्या उपकेंद्रापासून रोहित्र, जमिनीखालची केबल, मीटर आणि भिंतीतली वायर असा प्रवास करून आलेल्या विजेचे स्वरूप शेवटच्या दीड मीटरने पालटत नाही, आणि तिचे सरळ प्रवाहात रूपांतर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच करतो. आवाजात सतत गुणगुण येत असेल तर बहुधा दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये वळसा तयार झालेला असतो किंवा जुन्या इमारतीत अर्थिंगच धड नसते. हे काम वायरमनकडून तपासून घ्यावे; अर्थची पिन काढून टाकणे जिवावर बेतू शकते.

डिजिटल केबलमध्ये शून्य आणि एक वाहून नेले जातात. ते नीट पोचले तर आवाज तोच राहतो आणि बिघडले तर कटकट, खंड किंवा पूर्ण शांतता येते. बाकी सारे ठीक राहून फक्त गायकाच्या आवाजातला गोडवा कमी झाला, असे होत नाही. आजच्या बहुतेक यूएसबी डीएसीमध्ये (आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणामध्ये) ध्वनीच्या नमुन्यांचा ताल उपकरणातील घड्याळच ठरवते, त्यामुळे केबलला त्यात फारसे काम उरत नाही. लांब एचडीएमआय केबलवर मात्र चित्र चमकणे किंवा अधूनमधून जाणे हा खरा दोष आढळतो, म्हणून ती घेताना आपल्याला हव्या त्या चित्रदर्जासाठी प्रमाणित आहे का, हे पाहावे.