बेघर निवारा व रोजगार प्रशिक्षण (नागपूर)

फुटपाथ, फलाट किंवा उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या माणसाला आधी छप्पर, मग कागदपत्रे, औषधोपचार आणि कमाईचे साधन मिळवून देत त्याच्या स्वतःच्या खोलीपर्यंत सोबत करण्याची पद्धत. नुसत्या रात्रीच्या आसऱ्यापेक्षा तिचा पल्ला लांबचा आहे.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजले गेले. देशात ते सुमारे १७.७ लाख, महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख भरले. एका रात्रीत मोजणाऱ्याच्या नजरेतून पुष्कळ माणसे सुटतात, म्हणून हे आकडे कमीत कमी समजावेत. नागपुरात रेल्वे स्थानक, सीताबर्डी, ताजबाग, मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या आवारात असे लोक दिसतात. त्यांना सरसकट भिकारी म्हणणे अन्यायाचे आहे. यांतले कितीतरी जण सकाळी ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, उभे राहतात, हमाली करतात, लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जातात. काही बायका मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेल्या असतात, काही म्हाताऱ्यांना कुणी विचारणारे उरलेले नसते. शहराची हवाही निष्ठुर आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश, तर २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उघड्यावरच्या माणसाला हे दोन्ही ऋतू अंगावर घ्यावे लागतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात राज्यांना बारमाही निवारे उभारण्याचे आदेश दिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवारा हा स्वतंत्र घटक झाला. दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असा एक निवारा आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा, हा त्याचा निकष होता. नागपूरची २०११ ची लोकसंख्या २४ लाखांवर होती. म्हणजे किमान २४ निवारे हवेत. महापालिकेच्या समाजविकास विभागाचे निवारे त्याहून बरेच कमी आहेत.

निवाऱ्याचे खरे बळ त्याच्या पत्त्यात आहे. पत्ता असला की आधार कार्ड निघते. पुढे बँक खाते, रेशन कार्ड, निराधार योजनेचे अनुदान यांची वाट खुली होते. जबरदस्तीने आणलेला माणूस मात्र टिकत नाही. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या बैठकीआधी शहर पोलिसांनी कलम १४४ खाली भीक मागण्यास मनाई केली आणि रस्त्यावरच्या लोकांना निवाऱ्यात हलवले गेले. विश्वास असा आदेशाने बसत नाही. त्यासाठी रात्रीची गस्त घालणारा ओळखीचा कार्यकर्ता लागतो.

मनोरुग्णांचा प्रश्न अधिक अवघड. बरे होऊनही घरच्यांनी न नेल्यामुळे कुणालाही रुग्णालयात अडकवून ठेवू नये, असे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ सांगतो. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात टाटा ट्रस्ट्स आणि राज्याच्या आरोग्य विभागाने २०१६ पासून ‘उडान’ प्रकल्प राबवला. त्यात उपचारांबरोबर कामाचे शिक्षण आणि समाजात परतण्याची तयारी यांवर भर होता.

रोजगार प्रशिक्षण हा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचाच दुसरा घटक होता. पण रोजंदारीवर पोट असलेला माणूस आठवडेच्या आठवडे बिनपगारी वर्गात बसू शकत नाही. शिकतानाच काही मोबदला हवा, निवाऱ्याची वेळ कामाच्या वेळेशी जुळायला हवी आणि शिकवलेल्या कामाला शहरात गिऱ्हाईक हवे. कूलर दुरुस्ती, स्वयंपाक, रुग्णसेवा, शिवणकाम यांना नागपुरात मागणी असते. नोकरी लागल्यावरचे पहिले काही महिने सर्वांत नाजूक. पगार उशिरा होतो, जुने व्यसन डोके वर काढते, मुकादमाशी खटका उडतो. तेव्हा फोन उचलणारे कुणी नसेल तर माणूस पुन्हा फलाटावर जातो.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून ‘आधी घर’ हे तत्त्व रुजले: व्यसन सुटण्याची वा नोकरीची अट न घालता घर द्यायचे आणि आधार नंतरही चालू ठेवायचा. फिनलंडने २००८ पासून ते राष्ट्रीय धोरण केले आणि तिथले दीर्घकालीन बेघरपण पुष्कळ घटले. आपल्याकडे निवारा आणि किरायाची खोली यांच्यामधली पायरीच गाळलेली आहे. खोलीसाठी डिपॉझिट लागते, ओळखीचा माणूस लागतो. एकट्या बाईला तर घरमालक दारातूनच परत पाठवतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. त्यातल्या काही खोल्या निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी राखून ठेवणे नागपुरात तातडीचे आहे.