प्राध्यापकांबरोबर परदेशात शिकायला जाणं: प्रस्तावाच्या रकान्यांमागचा इतिहास

अमेरिकेतल्या एखाद्या प्राध्यापकाने ठरवलं, की पंधरा विद्यार्थी घेऊन तीन आठवडे महाराष्ट्रात जायचं आणि वारकरी परंपरेवर कोर्स शिकवायचा, तर विमानाच्या तिकिटाआधी त्याच्या हाती एक जाडजूड प्रस्ताव पडतो. क्रेडिट (पदवीसाठी मोजली जाणारी अभ्यासाची एककं) किती, वर्गाचे तास किती, किमान विद्यार्थी किती, सोबत दुसरा प्राध्यापक कोण, रात्रीचा रस्त्याने प्रवास आहे का, डासांपासून होणाऱ्या आजारांची लेखी सूचना दिली का, स्थानिक संस्था कशी निवडली, कार्यक्रम रद्द झाला तर कोणाचे किती पैसे बुडणार. हे सगळं निघण्याच्या बारा ते अठरा महिने आधी भरून द्यायचं असतं. नवख्याला ही बाबूगिरी वाटते. पण यातल्या बहुतेक रकान्यांमागे एखादी दुर्घटना, एखादा कायदा किंवा आटून गेलेला पैशाचा झरा आहे. तो माहीत असला की विद्यापीठाची मंजुरी देणारी समिती प्रस्ताव कुठे अडवणार, हे आधीच कळतं.

सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. १८८० च्या आसपास इंडियाना विद्यापीठातले डेव्हिड स्टार जॉर्डन उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन युरोपात पायी भटकत. जॉर्डन हे माशांचे अभ्यासक, पुढे स्टॅनफर्डचे पहिले अध्यक्ष झाले. १८८१ च्या फेरीत ते मॅटरहॉर्न चढले. विमा नाही, आपत्कालीन योजना नाही, सगळं एका माणसाच्या हिमतीवर. आजही काही प्रस्ताव याच थाटात येतात, ‘मला तो देश चांगला माहीत आहे’ एवढ्या भरवशावर. ते मागे पाठवले जातात आणि योग्यच होतं. त्या प्राध्यापकाचंच अपेंडिक्स फुगलं तर पुढचा वर्ग कोण घेणार, याचं उत्तर त्यात नसतं.

पदवीत मोजला जाणारा परदेश-अभ्यास १९२३ साली डेलावेर विद्यापीठाने सुरू केला. पहिल्या महायुद्धात लढून आलेले रेमंड कर्कब्राइड तिथे आधुनिक भाषा शिकवत. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी फ्रान्सला न्यायचे, ही त्यांची कल्पना. विद्यापीठाचे अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांनी ती उचलून धरली, पण पैसे बाहेरून उभे करावे लागले आणि उद्योगपती पिएर ड्यूपाँ यांनी मदत केली. जुलैमध्ये आठ विद्यार्थी कर्कब्राइड यांच्यासह ‘रोशांबो’ जहाजाने निघाले. आधी भाषेची पक्की तयारी, मग पॅरिसमध्ये अभ्यास, आणि परत आल्यावर ते वर्ष पदवीत जमा. १९२५ पासून स्मिथ कॉलेजनेही वाट धरली. डेलावेरचा हा कार्यक्रम १९४८ मध्ये बंद पडला, पण तोवर एक गोष्ट रुळली होती. परदेशातलं शिक्षण घरच्या विद्यापीठाने आधी मंजूर केलेलं असलं पाहिजे, परत आल्यावर विनवण्या करून नव्हे. विभागप्रमुखाची सही अजूनही प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लागते ती यामुळे.

तेवढ्यात उलटा धडाही मिळाला. १९२६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेम्स लॉफ ‘राइंडम’ या जहाजावर सुमारे ५०० जणांचं तरंगतं विद्यापीठ घेऊन जगप्रदक्षिणेला निघाले. निघण्याआधीच विद्यापीठाने अंग काढून घेतलं होतं. वाटेत विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याच्या बातम्या अमेरिकी वर्तमानपत्रांत झळकल्या आणि जहाजावर काय शिकवलं गेलं, हे कोणी विचारलंच नाही. शिस्तीचे नियम, ते मोडल्यास विद्यार्थ्याला त्याच्याच खर्चाने परत पाठवण्याची अट आणि त्यावर त्याची सही, हा कागद आज निघण्याआधीच घेतला जातो. दारूवर सरसकट बंदी घालणारे नियम टिकत नाहीत. ‘वर्गाच्या वेळी नाही, वाहन चालवताना नाही, स्थानिक कायद्याबाहेर नाही’ असे मोजके नियम पाळलेही जातात आणि पाळून घेताही येतात.

पुण्याचा संबंध येतो तो गव्हामुळे. १९५४ च्या पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली भारताने अमेरिकेकडून धान्य घेतलं आणि त्याची किंमत रुपयांत चुकवली. हे रुपये अमेरिकेला बाहेर नेता येत नव्हते, भारतातच खर्च करावे लागत. त्यातला काही भाग विद्येकडे वळला. संस्कृतचे अमेरिकी अभ्यासक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली आणि तिचं भारतातलं सुरुवातीचं मुख्य कार्यालय डेक्कन कॉलेजात थाटलं गेलं. अमेरिकी अभ्यासक मराठी शिकायला पुण्यात येऊ लागले. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकं हवी होती, ती फलटणच्या मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी तयार केली.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वाट काढली ती असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट या छोट्या कॉलेजांच्या संघाने. दरवर्षी पुण्याला जायला तयार असलेले पंधरा विद्यार्थी एका छोट्या कॉलेजात मिळणं कठीण, पण डझनभर कॉलेजांत मिळतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कित्येक दशकं हा कार्यक्रम पुण्यात चालला. मराठीचे वर्ग, पुणेकर कुटुंबांत राहणं आणि सोबत सदस्य कॉलेजातला प्राध्यापक. दलित चळवळीच्या इतिहासकार, कार्लटन कॉलेजच्या एलिनॉर झेलिएट यांचं नाव या कार्यक्रमाशी जोडलेलं आहे. विषयात मुरलेला प्राध्यापक आणि वर्षानुवर्षं टिकणारी स्थानिक माणसं, ही जोडी जमली की कार्यक्रम तरतो. प्राध्यापक बदलतो, स्थानिक समन्वयक राहतो. त्यामुळे प्रस्तावात सगळ्यात बारकाईने वाचावा असा मजकूर म्हणजे या समन्वयकाबरोबरचा करार: त्याचं मानधन कधी मिळणार, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, घरं कोण तपासणार.

रुपयांचा तो साठा कायमचा नव्हता. १९७४ मध्ये अमेरिकेचे भारतातले राजदूत डॅनिअल पॅट्रिक मॉइनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश देऊन त्यातला मोठा वाटा भारताला माफ केला. उरलेलाही पुढे संपला. तोवर विनिमय दराची चिंता वेगळ्या तऱ्हेची होती. ६ जून १९६६ ला रुपया डॉलरला ४.७६ वरून ७.५० वर आला, तेव्हा डॉलर घेऊन आलेल्यांची चंगळच झाली. पुढे डॉलरही तरंगू लागला, म्हणजे त्याचा दर बाजारात रोज बदलू लागला, आणि वर्षभर आधी ठरवलेली फी निघण्याच्या वेळी अपुरी पडू लागली. अंदाजपत्रकात पाच ते दहा टक्के राखीव ठेवा, असा आग्रह धरला जातो तो याच अनुभवातून.

अंदाजपत्रकाचं गणित सोपं आहे, तरी तिथेच कार्यक्रम बुडतात. प्राध्यापकांचा प्रवास आणि मुक्काम, बस, समन्वयक, वाटाड्या हा स्थिर खर्च. विद्यार्थी कमी झाले म्हणून तो कमी होत नाही. समजा, तो २४,००० डॉलर आहे. पंधरा जणांत माणशी १,६०० येतात, दहा जणांत २,४००. पंधरा धरून फी जाहीर केली आणि पाच गळाले, तर ८,००० डॉलरचं खिंडार पडतं. फी नेहमी किमान संख्येवर बेतावी. बारावर बेतली तर माणशी २,००० होतात आणि जास्त आले तर उरलेला पैसा प्रवेश-तिकिटं, जेवण यांत घालता येतो. दुसरी चूक म्हणजे परत न मिळणारी अनामत रक्कम उशिरा घेणं. समूह-तिकिटाची संख्या विमान कंपनीला कळवण्याच्या तारखेआधी ती हातात हवी, कारण नुसता ‘येतो’ असा ई-मेल करणाऱ्यांपैकी बरेच जण आईवडिलांशी बोलल्यावर मागे फिरतात.

तीन आठवड्यांचे कार्यक्रम एवढे कसे वाढले? एक कारण कॅलेंडरमध्ये आहे. १९६० मध्ये फ्लोरिडात नव्याने निघालेल्या एका कॉलेजाने, आजच्या एकर्ड कॉलेजाने, दोन सत्रांमध्ये जानेवारीचा स्वतंत्र महिना ठेवला. त्या महिन्यात एकच विषय. ही ४-१-४ (चार महिने, एक महिना, चार महिने) पद्धत इतर कॉलेजांत पसरली आणि वर्ग उचलून परदेशी नेण्याची सोय झाली. दुसरं कारण १९९२ चं. अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्याच्या दुरुस्तीने मंजूर परदेश-अभ्यासासाठी सरकारी शिष्यवृत्ती आणि कर्ज वापरता येऊ लागलं. २००० साली गिलमन शिष्यवृत्तीचा कायदा झाला, तो खास गरजू विद्यार्थ्यांसाठी. आता परदेशी जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण उन्हाळ्यात किंवा आठ आठवड्यांहून कमी काळासाठीच जातात.

सरकारी पैसा आला की सरकारी मापही आलं. एक क्रेडिट म्हणजे पंधरा आठवडे, आठवड्याला वर्गाचा एक तास आणि बाहेरचे दोन, एकूण ४५ तास. या मापाचं मूळ १९०६ च्या कार्नेगी एककात (कार्नेगी प्रतिष्ठानाने ठरवलेल्या वर्गतासांच्या मापात) आहे आणि ते आलं प्राध्यापकांच्या पेन्शन योजनेतून, हे बऱ्याच प्राध्यापकांनाही ठाऊक नसतं. तीन क्रेडिटना १३५ तास लागतात. २१ दिवसांतून ये-जा आणि सुट्ट्या काढल्या तर १७ उरतात, म्हणजे रोज आठ तास. सहा क्रेडिटचा हट्ट धरला तर रोज सोळा होतात, आणि समिती तिथेच लाल रेघ मारते. उपाय जुनाच आहे, डेलावेरचा. वाचन आणि तीन-चार वर्ग निघण्याआधी, निबंध परतल्यावर. शिवाय वेरूळची लेणी पाहण्यातले सगळे तास वर्गाचे म्हणून लावता येत नाहीत. लेण्यांसमोर तासभर शिकवलं तर तो तास वर्गाचा, बसमधले चार तास कशाचेच नाहीत.

सुरक्षेच्या रकान्यांमागचा इतिहास कडू आहे. मार्च १९९६ मध्ये दिल्ली-आग्रा रस्त्यावर रात्री बस उलटून एका अमेरिकी कार्यक्रमातले चार विद्यार्थी ठार झाले. भारतात रात्रीचा रस्ता टाळा, असं नियमांत ठळकपणे लिहिलेलं आढळतं, त्यामागे असे अपघात आहेत. वेळापत्रक करताना याचा अर्थ असा: पुणे-औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) प्रवास दुपारी चारला सुरू करून चालत नाही, सकाळीच निघावं लागतं, आणि त्यासाठी एक मुक्काम वाढला तरी तो अंदाजपत्रकात धरावा लागतो. ‘ड्रायव्हर अनुभवी आहे’ हे उत्तर समिती मान्य करत नाही.

दुसरा घाव न्यायालयाचा. कनेक्टिकटमधल्या एका निवासी शाळेची सहल २००७ साली चीनला गेली. एका विद्यार्थिनीला डोंगरावर गोचीड चावली, मेंदूचा संसर्ग झाला आणि तिची वाचा गेली. २०१३ मध्ये ज्यूरीने ४.१५ कोटी डॉलरची भरपाई दिली, ती पुढे वरच्या न्यायालयांतही टिकली. निकालात सामानाच्या यादीपर्यंत तपशील आहे. कीटक दूर ठेवणारं औषध ‘इतर’ या सदरात टाकलं होतं, आणि आरोग्यमाहितीचा दुवा चीनऐवजी मध्य अमेरिकेचा दिला होता. खटला शाळेचा असला तरी धसका विद्यापीठांनीही घेतला. महाराष्ट्रासाठी डेंगी, मलेरिया, कुत्रा चावणं, पोट बिघडणं यांची सूचना आता ठिकाणनिहाय आणि लेखी द्यायची, तीही मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवायची नाही. दुसरा प्राध्यापकही यासाठीच. एक रुग्णालयात गेला की दुसऱ्याने उरलेल्यांना सांभाळायचं. विम्यात रुग्णाला विमानाने हलवणं आणि पार्थिव परत आणणं, दोन्ही हवं.

२००७ मध्येच न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी विद्यापीठं आणि कार्यक्रम चालवणाऱ्या कंपन्या यांच्यातल्या फुकट सहली आणि कमिशनांची चौकशी सुरू केली. तेव्हापासून ‘स्थानिक संस्था कशी निवडली’ या प्रश्नाला कान टवकारून उत्तर द्यावं लागतं. किमान दोन-तीन दरपत्रकं जोडावीत.

महाराष्ट्रातल्या गोष्टी मात्र कोणत्याच नमुन्यात छापलेल्या नसतात. अमेरिकेतली उन्हाळी सुट्टी म्हणजे इथला पावसाळा, घाटात दरडी कोसळण्याचे दिवस. जानेवारी उत्तम. पण वारी हवी असेल तर पाऊस टळत नाही आणि तारीखही हलते: आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे २५ जुलैला. मागच्या वर्षीच्या तारखा धरून अठरा महिने आधी प्रवासाचे दिवस पक्के केले तर पालख्या आळंदी-देहूहून निघायच्या आत विद्यार्थी परतीच्या विमानात असतील. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. परदेशी पाहुण्याला तिकीट ६०० रुपये, भारतीयाला ४०; पंधरा जणांचं ते धरायचं राहून जातं. पर्यटक व्हिसावर प्रमाणपत्र न देणारा छोटा, अनौपचारिक कोर्स चालतो, सत्रभराच्या शिक्षणाला विद्यार्थी व्हिसा लागतो, आणि विद्यार्थी गावात मुलाखती घेणार असतील तर प्रकरण संशोधनाकडे झुकतं. तिथे विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि भारतीय वकिलातीचं लेखी उत्तर, दोन्ही आधी घ्यावं.

अगदी अलीकडची भर महासाथीची. २०१८-१९ मध्ये ३,४७,०९९ अमेरिकी विद्यार्थ्यांनी परदेशात क्रेडिट मिळवले, २०२०-२१ मध्ये फक्त १४,५४९. मार्च २०२० मध्ये अनेक करारांत ‘रद्द झाल्यास’ हे कलमच मोघम निघालं आणि हॉटेल, बस कंपनी, विद्यार्थी यांच्यातला हिशेब महिनोन्महिने रखडला. आता करारात तीन तारखा वेगवेगळ्या घालतात: संख्या घटवता येण्याची शेवटची तारीख, अर्धी रक्कम बुडण्याची आणि पूर्ण रक्कम बुडण्याची. विद्यार्थ्यांकडून हप्ते घेण्याच्या तारखा या तिन्हींच्या दोन आठवडे आधीच्या ठेवल्या जातात.