एक कन्व्हेयर थांबला, सगळी लाइन लाल

हिंजवडीत बसून आम्ही चाकणच्या एका कारखान्यासाठी पडद्यावरची आकृती करत होतो. प्रत्येक यंत्राचा एक नोड, म्हणजे आकृतीतली एक चौकट. यंत्र थांबलं की त्याचा नोड लाल. डेमोत एकच कन्व्हेयर थांबवला आणि आख्खी लाइन लाल झाली. सगळ्या नोडना एकच स्टाईल ऑब्जेक्ट (रंग, फाँट, रेषा यांची कोडमधली नोंद) दिलेला, आणि कोड रंग बदलत होता तो नेमका त्या सामाईक ऑब्जेक्टमध्ये.

गंमत म्हणजे, एक बदलला की सगळे बदलणं ही १९६३ साली नवलाई होती. एमआयटीत आयव्हन सदरलँडने टीएक्स-२ संगणकावर ‘स्केचपॅड’ हा पडद्यावर चित्रं काढायचा प्रोग्रॅम केला. त्यात मूळ आकृती एकदाच काढायची, तिच्या हव्या तेवढ्या प्रती ठेवायच्या. मूळ आकृतीत फेरफार केला की सगळ्या प्रती आपोआप बदलत.

कागदावर मात्र फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या आकृत्या, पेन्सिलीनेच निघत राहिले. आम्हीही कॉलेजात अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या स्टेन्सिलने निर्णयाचा शंकरपाळा काढायचो. तिथे आकार म्हणजेच अर्थ, आणि तो पक्का ठरलेला. १९८५ च्या आयएसओ ५८०७ या आंतरराष्ट्रीय मानकात ही चिन्हं नेमून दिलेली आहेत.

पुढे बेल लॅब्ज या अमेरिकन प्रयोगशाळेच्या ग्राफव्हिझ या आकृत्या काढणाऱ्या सॉफ्टवेअरने नोडचा रंग-आकार मजकुरात लिहायची सोय दिली. पण त्यातून निघायचं ते तयार चित्र. रंग बदलायचा तर पुन्हा चालवा. चित्र पिक्सेलचं असेल तर त्यातला पंप कुठला आणि टाकी कुठली, हे ब्राउझरला ठाऊकच नसतं. २००१ मध्ये एसव्हीजी हा वेबपानावर आकार मजकुरातून मांडायचा प्रकार प्रमाण झाला आणि प्रत्येक आकार पानावरचा स्वतंत्र घटक बनला. स्क्रिप्टने चालू पानातच त्याला गाठता येऊ लागलं.

खरी कलाटणी मला त्यानंतरची वाटते. २००६ च्या डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या पडदे बनवायच्या साधनातली टेम्प्लेट (दिसण्याचा साचा) आणि बाइंडिंग (दिसणं माहितीला बांधणं), २०११ चं वेबवर माहितीवरून चित्रं काढणारं डी३: दोन्हीकडे ‘हा नोड लाल कर’ असं सांगायची गरज उरली नाही. रंग स्थितीवरून ठरतो, एवढं एकदा लिहायचं. यंत्र सुरू झालं, नवी स्थिती लागू झाली की लाल उतरतो. हाताने रंगवलेला उतरवायला मात्र हमखास विसरतो.

आम्हीही शेवटी तेच केलं. फाँट आणि रेषेची जाडी सामाईक ठेवली, रंग प्रत्येक नोडच्या स्थितीवर सोपवला. दुसऱ्या डेमोत कळलं की तिथल्या एका सुपरवायझरना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. मग आकारही स्थितीला जोडला. थांबलेलं यंत्र आता शंकरपाळा होतं.