प्रकाशसंश्लेषणातील ई जीवनसत्त्वाचे कार्य

ई जीवनसत्त्व १९२२ मध्ये हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांना उंदरांच्या प्रजननाचा अभ्यास करताना आढळले, त्यामुळे त्याची ख्याती आहारशास्त्रातच राहिली. ते तयार करतात मात्र प्रकाशसंश्लेषण करणारे सजीवच. ई जीवनसत्त्व हे टोकोफेरॉल व टोकोट्रायेनॉल या दोन गटांतील संयुगांचे सामाईक नाव आहे; या गटांचे प्रत्येकी चार प्रकार असून हिरव्या पानांत अल्फा-टोकोफेरॉलचे प्रमाण सर्वाधिक असते. ते हरितलवकात (पेशीतील प्रकाशसंश्लेषण जिथे चालते त्या भागात) तयार होते आणि त्याच्या रेणूची लांब शेपटी बहुतांशी हरितद्रव्याच्या विघटनातून मिळालेल्या फायटॉलपासून बनते.

प्रकाश शोषण्यात त्याचा वाटा नाही. त्याचे काम राखणीचे आहे. इंदूरच्या परिसरात रब्बीचा गहू उभा असताना पहाटे कडाक्याची थंडी आणि पाठोपाठ लख्ख ऊन पडते. थंडीने कार्बन स्थिरीकरणाची, म्हणजे हवेतील कार्बन साखरेत बांधणारी, विकरे (एन्झाइमे) मंदावतात, पण हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहते, आणि न वापरलेली ऊर्जा ऑक्सिजनकडे जाऊन अतिक्रियाशील एकक ऑक्सिजन तयार होतो. टोकोफेरॉल त्याची जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निववते, तसेच हरितलवकाच्या पटलांतील (पातळ आवरणांतील) मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणाची साखळी तोडते. या दुसऱ्या कामात त्याचे स्वतःचे जे मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेले अस्थिर रूप) बनते, त्याला क जीवनसत्त्व पूर्ववत करते.

तरीही हे कार्य वाटते तितके सरळ नाही. टोकोफेरॉल न बनवणारी, प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाची म्हणजे अ‍ॅरॅबिडॉप्सिसची उत्परिवर्ते (जनुकात बदल झालेली रोपे) नेहमीच्या परिस्थितीत जवळजवळ निरोगी वाढतात, कारण कॅरोटिनॉइडे (पानांतील पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) बरीचशी उणीव भरून काढतात. मक्याचे एक उत्परिवर्त अधिक बोलके आहे: त्याच्या पानांत साखर व स्टार्च साचत जातात, कारण साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिनीकडे जाणारे पेशींमधील सूक्ष्म मार्ग कॅलोज या कर्बोदकाने बुजतात. त्यातला बिघडलेला जनुक टोकोफेरॉल बनवणाऱ्या विकराचा निघाला. साखर बाहेर न गेल्याने पानातील प्रकाशसंश्लेषणही मागे पडते, म्हणजे हा परिणाम आडमार्गाने होतो.

बियांतील चित्र वेगळे आहे. इंदूर येथे राष्ट्रीय संशोधन संस्था असलेल्या सोयाबीनच्या दाण्यात, आणि म्हणून तिथल्या स्वयंपाकघरांतल्या तेलातही, गॅमा-टोकोफेरॉल अधिक असते. साठवणीत सोयाबीनची उगवणशक्ती लवकर घटते, आणि मेदाचे ऑक्सिडीकरण हे त्याचे एक कारण मानले जाते. टोकोफेरॉलविरहित अ‍ॅरॅबिडॉप्सिसचे बीही लवकर निकामी होते.