जस्ताच्या मुलाम्याचा रंग का बदलला: पार्श्वभूमी

नागपुरातील इतवारीच्या लोहाओळीत नट-बोल्ट घेणारे गिऱ्हाईक आजही पुडी सोडून आधी रंग पाहते. पिवळी, इंद्रधनुषी झाक असली तर माल पक्का आणि निळसर-पांढरी असली तर हलका, असे ते ठरवून टाकते. ही समजूत निराधार नाही, पण तिचा आधार जुना झाला आहे.

लोखंडाला वितळलेल्या जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये फ्रान्समध्ये घेतले. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते, त्यामुळे ओरखडा पडला तरी आतले पोलाद वाचते. जस्ताची ही झीज लांबवण्याचा उपाय पुढे न्यू जर्सी झिंक कंपनीच्या ‘क्रोनॅक’ प्रक्रियेने दिला, जिचे पेटंट १९३६ चे आहे. सोडियम डायक्रोमेट आणि गंधकाम्लाच्या द्रावणात बुडवलेल्या जस्तावर क्रोमेटचा पातळ पापुद्रा धरतो. त्यातले षट्‌संयुजी (सहा संयुजेचे) क्रोमियमच तो पिवळेपणा देई आणि ओल लागताच किंचित विरघळून ओरखडाही झाकून घेई. त्या काळी रंगावरून टिकाऊपणा ओळखणे योग्यच होते.

मात्र हे क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि प्लेटिंगच्या टाकीपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगाराचा विचार करता ते जायलाच हवे होते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत त्यावर निर्बंध घातले आणि त्याऐवजी त्रिसंयुजी (तीन संयुजेच्या) क्रोमियमचा वापर वाढला. त्याचा पापुद्रा निळसर दिसतो, आणि गिऱ्हाइकाला पिवळाच हवा असेल तर वेगळा रंग घालतात. म्हणजे आता पिवळेपणा कशाचाच पुरावा उरलेला नाही.

खरी तपासणी पावसाळ्यात होते. जुलैत उघडलेल्या एका खोक्यात वरचे वॉशर लखलखीत होते, तर तळाशी एकमेकांना चिकटलेल्या वॉशरांच्या फटीत खडूसारखी भुकटी साचली होती. फटीत पाणी राहते पण हवा खेळत नाही, म्हणून तिथे जस्ताचे भुसभुशीत हायड्रॉक्साइड तयार होते, ज्याला पांढरा गंज म्हणतात. हेच जस्त मोकळ्या हवेत असते तर कार्बन डायऑक्साइडमुळे त्यावर कार्बोनेटचा घट्ट, राखाडी थर बसला असता. कुंपणाच्या जाळीची चमक जाऊन ती राखाडी होते, ते याच कारणाने, आणि तो बिघाड नव्हे. पांढरी भुकटी ब्रशने झाडून खाली धातू शाबूत दिसला, तर माल सुकवून हवेशीर जागी ठेवल्यास बहुधा वापरता येतो. आट्यांच्या खाचेत तांबूस डाग दिसला, तर तिथले जस्त संपून पोलाद गंजू लागले आहे.