सोयाबीन : पेरणीची वेळ

सोयाबीन किती तारखेला पेरले यावर झाडाची उंची, फांद्या, शेंगांची संख्या आणि शेवटी उतारा बराचसा ठरतो. याचे मूळ झाडाच्या स्वभावात आहे. सोयाबीन ही लघुदिवसी वनस्पती. रात्र पुरेशी लांबली की ती फुलावर येते, मग झाड कमरेइतके असो की वीतभर. अमेरिकी कृषी खात्यातील गार्नर आणि ॲलार्ड यांनी १९२० साली हे दाखवून दिले. ‘बिलोक्सी’ वाणाचे सोयाबीन त्यांनी टप्प्याटप्प्याने पेरले, तरी मे ते जुलैमधल्या सगळ्या पेरण्या सप्टेंबरातच फुलल्या. पेरणीला झालेला उशीर असा वाढीच्या काळातून वजा होतो. महाराष्ट्रातले वाण बिलोक्सीइतके हट्टी नाहीत, पण कल तोच.

राज्यात पेरणीचा काळ साधारण १५ जून ते १५ जुलै. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून पेरू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्यावरच पाभर धरावी, असे कृषी विद्यापीठे सांगतात. नंतर उघडीप पडली तर दुबार पेरणी ओढवते, आणि सोयाबीनचे बियाणे स्वस्त नाही. त्याचे टरफलही नाजूक असते. बी ३ ते ५ सेंटिमीटरहून खोल गेले किंवा वरून जोराचा पाऊस येऊन माती चोपली, तर डाळिंब्या (बियांची दोन दले) वर काढताना कोंबाची मान मोडते. तेव्हा तारखेआधी ओल पाहावी.

उशिरा पेरलेल्या झाडाला पेरे (खोडावरचे सांधे, जिथे शेंगा लागतात) कमी, म्हणून शेंगाही कमी. खालच्या शेंगा जमिनीलगत लागल्याने कापणीत सुटतात. दाणे भरायच्या वेळी मॉन्सून परतीला लागलेला असतो. हलक्या रानात हा फटका सर्वांत मोठा. खोडमाशीही अशा पिकावर जास्त पडते, आणि सांगली-कोल्हापूरकडे तांबेरा गाठतो. उशीर झालाच तर लवकर येणारा वाण घेऊन ओळींतले अंतर ४५ वरून ३० सेंटिमीटरवर आणतात आणि बियाणे वाढवतात. झाडे बुटकी राहणार, तर रान दाटीने तरी झाकायचे. जुलै अर्धा सरल्यावर मात्र तूर, बाजरी किंवा सूर्यफुलाकडे वळणे शहाणपणाचे.

फार लवकर पेरण्यातही धोका आहेच. ९०-९५ दिवसांत येणारा वाण जूनच्या सुरुवातीला पडला, तर काढणी सप्टेंबरच्या पावसात सापडते आणि शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. उलट काढणी वेळेत उरकली, की त्याच ओलीवर हरभरा साधतो.

बियाण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या उन्हाळी सोयाबीनचे गणित दिवसाच्या लांबीपेक्षा तापमानावर चालते. डिसेंबरच्या कडाक्यात उगवण रेंगाळते, तर फेब्रुवारीत पेरल्यास दाणे भरताना उन्हाचा तडाखा बसून बी बारीक राहते.