थर्ड टीममधला 13 वर्षांचा पोरगा आणि ते सगळे फॉर्म

शुक्रवारी रात्री दहाला क्लबच्या ग्रुपवर मेसेज पडतो, उद्या थर्ड टीमला एक माणूस कमी आहे, कुणाचा मुलगा मोकळा आहे का. इंग्लंडमधल्या गावोगावच्या क्लबांत उन्हाळाभर हे चालतं आणि तो "एक माणूस" बऱ्याचदा 13-14 वर्षांचा पोरगा असतो. आमचा पहिल्यांदा गेला तेव्हा त्याच्या टीममध्ये एक प्लंबर, दोन आयटीवाले आणि साठी ओलांडलेला एक ऑफस्पिनर होता. त्याआधी मला मुलाच्या सुरक्षेचे इतके फॉर्म भरायला लावले होते की वाटलं, पोरगं क्रिकेट खेळायला चाललंय की व्हिसाला.

पण नंतर विचार केला तर फुटबॉलमध्ये अंडर-14 चा पोरगा अंडर-14 मध्येच खेळतो. क्रिकेटमध्ये तो मोठ्यांच्यात दिवसभर असतो, एकच ड्रेसिंग रूम, लांबच्या मॅचला कुणाच्या तरी गाडीतून जाणं, मॅच संपली की बारमध्ये मोठ्यांची बिअर आणि याचा कोक. मुंबईत कांगा लीगला शाळकरी पोरं मोठ्यांच्या बोलिंगसमोर उभी राहतात आणि आपल्याला त्याचं कौतुकच वाटतं, मलाही वाटतं. पण त्या दिवसभरात पोरावर लक्ष कुणाचं हा प्रश्न इथे इंग्लंडमध्येही फार उशिरा विचारला गेला, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) क्रिकेटवाल्यांनी तो आपणहून विचारलाच नाही, प्रत्येक वेळी आग दुसऱ्याच्या घरात लागली होती.

पहिली लागली स्विमिंगमध्ये. पॉल हिक्सन, 1988 च्या सोल ऑलिंपिकला ब्रिटनचा स्विमिंग कोच, हाताखालच्या मुलींवर केलेल्या अत्याचारांसाठी 1995 मध्ये त्याला 17 वर्षांची शिक्षा झाली. तोपर्यंत कोच म्हणजे देवमाणूस, त्याला काय विचारायचं, असाच कारभार होता. मग 2001 मध्ये एनएसपीसीसी ही मुलांसाठी काम करणारी जुनी संस्था आणि स्पोर्ट इंग्लंड यांनी मिळून खेळातल्या मुलांच्या सुरक्षेसाठी वेगळं युनिट काढलं. क्रिकेट बोर्डाचं म्हणजे ईसीबीचं "सेफ हँड्स" हे धोरण याच वाऱ्यातून आलं, आणि प्रत्येक क्लबात मुलांच्या सुरक्षेकडे बघणारा एक वेल्फेअर ऑफिसर असायची पद्धत पडली, आता त्याला सेफगार्डिंग ऑफिसर म्हणतात.

दुसरी घटना तर खेळातली नव्हतीच. ऑगस्ट 2002, केंब्रिजशरमधलं सोहम गाव, 10 वर्षांच्या दोन मुलींचा खून. खुनी इयन हंटली तिथल्या शाळेत केअरटेकर होता आणि दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध आधीच्या बऱ्याच तक्रारी आल्या होत्या, पण त्या शाळेपर्यंत पोचल्याच नाहीत. या प्रकरणावरच्या बिचर्ड चौकशीचा रिपोर्ट 2004 ला आला, त्यातून मुलांमध्ये काम करणाऱ्यांच्या तपासणीचा 2006 चा कायदा आला, आणि 2012 च्या डिसेंबरमध्ये दोन जुन्या यंत्रणा एकत्र करून डीबीएस, म्हणजे माणसाच्या गुन्ह्यांच्या नोंदी तपासणारी सरकारी संस्था, तयार झाली. रविवारी सकाळी पोरांना कॅच द्यायला जाणाऱ्या बापालाही पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा घेऊन जी तपासणी करून घ्यावी लागते ती हीच. व्हॉलंटियरला फुकट असते, तरी लोक कुरकुरतात, मीपण कुरकुरलो होतो. आता एवढंच म्हणेन की ही तपासणी पकडला गेलेला माणूस दाखवते, न पकडला गेलेला नाही. म्हणून तर बाकीचे नियम आहेत, कोचने एकट्या मुलाला गाडीतून न्यायचं नाही, पोराला परस्पर मेसेज करायचा नाही, मोठ्यांनी मुलांसोबत शॉवर घ्यायचा नाही.

ज्या बाबतीत क्रिकेट खरंच स्वतःच्या डोक्याने चाललं ती म्हणजे अंगाला लागणारा मार. 2000 पासून 18 खालच्यांना हार्ड बॉलसमोर हेल्मेट, स्टंपजवळ उभ्या कीपरलासुद्धा. अंडर-13 चा मुलगा बॅट्समनपासून 11 यार्डांच्या आत फील्डिंगला नको, अंडर-15 ला 8 यार्ड. फास्ट बोलरच्या ओव्हरही मोजायच्या, अंडर-13 ला एका स्पेलला 5 आणि दिवसाला 10. कॅप्टन जोशात पोराला सिली पॉइंटला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ, बोलवतो आणि अंपायर त्याला हाताने मागे ढकलतो, हे मी डोळ्याने पाहिलंय.

मग 2016 चा नोव्हेंबर. अँडी वुडवर्ड हा माजी फुटबॉलपटू नाव आणि चेहऱ्यासकट पुढे आला, लहानपणी कोच बॅरी बेनेलने काय केलं ते सांगितलं, आणि बांध फुटल्यासारखे शेकडो लोक बोलायला लागले. 2018 मध्ये बेनेलला 30 वर्षांची कैद झाली. या सगळ्यात कायद्यातलं एक भोकही चर्चेत आलं, 16-17 वर्षांच्या विद्यार्थ्याशी शिक्षकाने संबंध ठेवले तर गुन्हा, पण स्पोर्ट्स कोचने ठेवले तर नाही! ते बुजवलं गेलं जून 2022 मध्ये. एवढा उशीर का, देव जाणे. भारतात पॉक्सो 14 नोव्हेंबर 2012 पासून आहे आणि तिथे 18 खालचं सगळंच गुन्हा धरलं जातं, शिवाय माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा, म्हणजे कागदावर आपला कायदा कडक आहे.

मोठ्या माणसांच्या सुरक्षेचा विषय सगळ्यात मागून आला. स्वतःचा नीट सांभाळ करू न शकणाऱ्या मोठ्या माणसाला आधी शब्द होता "व्हल्नरेबल अडल्ट", 2014 च्या केअर अ‍ॅक्टनंतर "अडल्ट अ‍ॅट रिस्क" झाला. फरक नुसता शब्दाचा नाही, आधी दुबळेपणा माणसाला चिकटवला जायचा, आता धोका परिस्थितीत शोधतात. डिसॅबिलिटी क्रिकेट वाढलंय तिथे हे लागतंच, पण साध्या क्लबातही लागतं. वर्षानुवर्षं स्कोअरिंग करणारे एक काका अचानक ओव्हर विसरायला लागले, घरी जायचा रस्ता चुकले, तर करायचं काय? मुलाच्या बाबतीत लगेच वर कळवायचं असतं, पण यांना आधी विचारायचं की तुम्हाला काय हवंय. काकांना स्कोअरबुक सोडायचं नव्हतं. मग आता शेजारी दुसरा एक जण बसतो, आणि मॅचनंतर कोणीतरी त्यांना घरापर्यंत सोडतं.

आमच्या पॅव्हेलियनमध्ये चहाच्या किटलीच्या वर सेफगार्डिंग ऑफिसरचा फोटो आणि नंबर लावलेला आहे, वाफेने कोपरे वळलेत. बाई स्वतः खाली सँडविच कापत असतात. आणि आमचा मुलगा, ड्रेसिंग रूमची भानगडच नको म्हणून, घरूनच व्हाइट्स घालून निघतो.